पंचवीस डिसेंबरला बस नसते

ब्रिटिश ख्रिसमस कॉमेड्या, म्हणजे ख्रिसमसच्या विनोदी मालिका आणि सिनेमे, मला कळायला लागल्या त्या एका बस स्टॉपवर. आम्ही कॉव्हेंट्रीला आलो ते २०१९च्या ऑक्टोबरात, म्हणजे इंग्लंडात यायला जो सगळ्यात वाईट महिना असावा नेमका त्याच महिन्यात. जग्वार लँड रोव्हर टाटांनी २००८ मध्ये घेतल्यापासून पुण्याहून इकडे येणाऱ्या इंजिनिअरांची जी रांग लागली त्यातलाच माझा नवरा एक. बघता बघता डिसेंबर उजाडला (उजाडला कसला, साडेतीनलाच लाइट लावायला लागायचे) आणि आम्ही दोघांनी ठरवलं की आपला इथला पहिला ख्रिसमस आहे तर जोरात करू, म्हणजे पंचवीसला सकाळी आवरून बर्मिंगहॅमला जाऊ, रोषणाई बघू, बाहेरच काहीतरी खाऊ. आपल्याकडे सण म्हणजे नवे कपडे घालून गर्दीत जायचं, हे इतकं डोक्यात बसलेलं की दुसरं काही असू शकतं असं वाटलंच नाही.

सकाळी दहाला आम्ही तिघं बस स्टॉपवर. मी, नवरा, आणि चार वर्षांचे चिरंजीव माकडटोपीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, नवरा मोबाइलवर टाइमटेबल खालीवर करतोय, आणि तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजी कुत्र्याला फिरवून येताना आमच्यापाशी थांबल्या आणि फार हळू आवाजात, जणू घरात कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा, म्हणाल्या की लव्ह, आज बस नसते. ट्रेनपण नसते. दुकानं विचारूच नका, मोठ्या दुकानांना तर या दिवशी उघडायला कायद्यानंच बंदी आहे, २००४चा खास कायदा आहे त्यासाठी, हे मला नंतर कळलं. नवऱ्यानं विचारलं मग लोक जातात कुठे. त्या म्हणाल्या, कुठेच नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

मग आमच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, तीनला या, टीव्हीवर राणीचं भाषण असतं.

या ब्रिटिश ख्रिसमस कॉमेड्यांवर लिहायचं कधीपासून मनात होतं, आणि दर वेळी सुरुवात करताना मला तो बस स्टॉपच आठवतो. कारण त्यांचं सगळं मर्म मला त्या 'कुठेच नाही'मध्ये दिसतं. छोटं घर, त्यात मावणार नाहीत इतकी माणसं, त्यातली निम्मी एकमेकांवर रुसलेली, आणि कुणालाही उठून जाता येत नाही कारण जायला वाहनच नाही. झालं. स्टोरी तयार. इथल्या लेखकांना वेगळं काही सुचावं लागत नाही, नुसतं दार लावून घ्यायचं आणि ओव्हन उशिरा तापवायचा.

तर तीनला आम्ही गेलो, हातात शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. आजींचा मुलगा-सून-नातवंडं आलेली, बसायला खुर्च्या कमी म्हणून बागेतली एक प्लास्टिकची खुर्ची आत आणलेली, तिच्यावर अजून ओल होती आणि ती पाहुणा म्हणून मला मिळाली. मग ते क्रॅकर. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्यानं १८४७च्या सुमाराला काढलेली ही युक्ती, दोघांनी दोन टोकं ओढायची, फट् आवाज होतो, आतून कागदी मुकुट, एक फालतू खेळणं आणि एक जोक पडतो. जोक इतका वाईट की टेबलावरचे सगळे एका सुरात कण्हतात. मला वाटतं तो मुद्दाम वाईट ठेवतात. चांगला असता तर कुणी हसलं असतं, कुणी नसतं हसलं, कुणाला कळला नसता (मला). वाईट जोकवर मात्र अख्खं घर एका पार्टीत.

टीव्हीच्या शेजारी रेडिओ टाइम्सचा ख्रिसमसचा जाडजूड जोडअंक होता आणि त्यात आजींनी पेनानं गोल केले होते, कुठल्या दिवशी किती वाजता काय बघायचं. ते गोल बघून मला एकदम घरचं वाटलं. माझे वडील दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकेवर अश्शाच खुणा करायचे, आधी कुणाचं वाचायचं, मग कुणाचं, आणि आईनं मध्येच अंक पळवला की भांडण. आपल्याकडे १९०९ पासून, मनोरंजनच्या अंकापासून, दिवाळी म्हणजे फराळ आणि वाचन. यांच्याकडे ख्रिसमस म्हणजे टर्की आणि टीव्ही. ते तीनचं भाषणसुद्धा आधी १९३२ला राजानं रेडिओवरून केलं, १९५७ पासून राणी टीव्हीवर दिसायला लागली, म्हणजे राजघराण्यालाही शेवटी दिवाणखान्यात येऊनच बसावं लागलं.

त्या रात्री गोल केलेला कार्यक्रम होता गॅव्हिन अँड स्टेसी, लग्नानं जोडल्या गेलेल्या दोन घरांची विनोदी मालिका. दहा वर्षांनी परत आलेला एक भाग. मला काहीही कळलं नाही. म्हणजे इंग्लिश कळतं हो मला, पण ही माणसं निम्मी एसेक्समधल्या बिलरिकीची, निम्मी वेल्समधल्या बॅरीची, आणि बॅरीवाले बोलतात ते मला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. तरी एवढं कळलं की ब्रिन नावाच्या काकानं सगळ्यांसाठी जेवण करायचं अंगावर घेतलंय आणि तो आता रडायच्या बेतात आहे कारण कुठलाही पदार्थ कुठल्याही पदार्थाबरोबर तयार होत नाहीये. ही परिस्थिती समजायला भाषा लागत नाही, घरच्या गणपतीत ज्यानं पंचवीस पानं वाढली आहेत त्याला विचारा. त्या रात्री १ कोटी १६ लाख लोकांनी तो भाग बघितला आणि शेवटी नेसा गुडघ्यावर बसून स्मिदीला लग्नाचं विचारते आणि तो उत्तर देणार तोच भाग संपला. आजींची सून उशी फेकून मारायच्या बेतात होती. उत्तर मिळायला पाच वर्षं लागली, त्याच्यावर येते नंतर.

पुढच्या वर्षी, २०२०ला, अख्खं जगच बस स्टॉपवर अडकलं. तेव्हा आम्ही जुनं जुनं शोधून बघायला लागलो, आजी खिडकीतून नावं सुचवायच्या आणि मी चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. त्यातलं मला सगळ्यात आवडलं ते रॉयल फॅमिली. नावात रॉयल, पण हे मँचेस्टरकडचं कामगार कुटुंब, आणि ही माणसं सोफ्यावरून उठतच नाहीत. खरंच. कॅमेराही बहुतेक वेळ त्याच खोलीत. बाप जिम दिवसभर टीव्हीला आणि बिलांना शिव्या घालत बसलेला, आई बार्बरा चहा करून करून दमलेली, आणि प्रत्येक वाक्य 'जेवायला काय होतं' इतकं साधं. १९९९च्या ख्रिसमसच्या भागात मुलगी डेनिसला बाथरूममध्ये कळा सुरू होतात, ती घाबरून तिथेच फरशीवर बसते आणि हा शिवराळ बाप तिच्याशेजारी फरशीवर बसून तिला धीर देतो. पूर्ण मालिकेत आपण त्याच्या तोंडून एक सरळ शब्द ऐकलेला नसतो म्हणून तो सीन असा आत जातो. हे लिहिणारी आणि डेनिसचं काम करणारी कॅरोलाइन अहर्न २०१६च्या जुलैत गेली आणि त्यातली नाना, म्हणजे आजी, झालेली लिझ स्मिथ त्याच वर्षी चोवीस डिसेंबरला. समोरच्या आजी हे सांगताना म्हणाल्या, नानानं टायमिंग बरोबर साधलं. असं बोलतात हे लोक. आधी मला वाटायचं दगड आहेत, आता कळतं की डोळे पुसायच्या ऐवजी ते हे करतात.

विकर ऑफ डिब्ली तर मी आईला फोनवर सांगून हसवलंय. खेड्यातली बाई पाद्री, काम डॉन फ्रेंचचं, खायची भोक्ती, आणि १९९६च्या ख्रिसमसला गावातले लोक तिला जेवायला बोलावतात, एक घर, दुसरं घर, तिसरं घर, आणि तिला नाही म्हणता येत नाही. त्यात एका घरी यजमानाबरोबर ब्रसेल्स स्प्राउट्स कोण जास्त खातंय याची पैज लागते. (स्प्राउट म्हणजे गड्ड्याचा कोबी जन्मतःच रुसलेला. यांच्यातही कुणालाच आवडत नाही, तरी दर वर्षी करतात.) आई म्हणाली, अगं ही तर श्रावणातल्या शुक्रवारची सवाष्ण! तिनं स्वतः एकदा एका दिवशी दोन घरची पुरणपोळी खाल्ली होती कारण दुसरी बाई आत्तेसासूच्या माहेरची होती. आग्रह ही फक्त आपली मक्तेदारी आहे हा माझा गैरसमज त्या भागानं घालवला.

त्याच आठवड्यात, २९ डिसेंबर १९९६ला, ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस या विनोदी मालिकेच्या एका भागाला २ कोटी ४३ लाख लोक बसले होते. तेव्हा ब्रिटनची लोकसंख्या जेमतेम पावणेसहा कोटींच्या वर. असं प्रेक्षक जमवणं आता कुणाला जमणार नाही, पण मला आकड्यापेक्षा त्या सगळ्यांनी संपल्यावर एकदम चहाच्या किटल्या लावल्या असतील याची गंमत वाटते. इथे ग्रिडवाल्यांना लोकप्रिय कार्यक्रम कधी संपतोय ते बघून विजेची तयारी ठेवावी लागायची, टीव्ही पिकअप म्हणतात त्याला, मी चेष्टा करत नाहीये.

लव्ह अॅक्चुअली सगळे घेतात या यादीत, २००३चा सिनेमा. मी घेऊ की नको असं करते. त्यातल्या निम्म्या प्रेमकथा मला आता बघवत नाहीत, पाट्या घेऊन मित्राच्या बायकोच्या दारात उभा राहणारा तो माणूस तर पोलिसात द्यायच्या लायकीचा. पण एमा थॉम्पसन. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिनं सोन्याचा हार बघितलेला असतो, प्रेझेंट उघडल्यावर तिच्या हातात येते जोनी मिचेलची सीडी, म्हणजे हार दुसऱ्या कुणासाठी होता. ती बेडरूममध्ये जाते, एकटी उभी राहते, रडते, डोळे पुसते, आणि मग, हे बघा हं, पलंगावरची चादर सरळ करते. आणि खाली जाते, कारण मुलांच्या शाळेत ख्रिसमसचं नाटक आहे आणि मुलगी त्यात लॉबस्टर झालीय. येशूच्या जन्माला लॉबस्टर का होता हे विचारायचं नाही. चादर सरळ करणाऱ्या बायका मी माझ्या घरात इतक्या बघितल्यात की तो सीन इंग्लिश आहे हे मला पटतच नाही.

लॉबस्टरवरून आठवलं, आता मुख्य गोष्ट. नेटिव्हिटी. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळांत डिसेंबरात येशूजन्माचं नाटक होतं आणि २००९ साली डेबी इसिटनं त्याच्यावर सिनेमा केला, तो चक्क आमच्या कॉव्हेंट्रीत. मार्टिन फ्रीमन शिक्षक, ख्रिसमसचा तिटकारा असलेला, शेजारच्या श्रीमंत शाळेशी चढाओढ, आणि तो फुशारकीत थाप मारतो की आमचं नाटक शूट करायला हॉलिवूडवाले येणार आहेत. बास. मुलांना कळतं, आईबापांना कळतं, गावाला कळतं, आणि थाप हाताबाहेर जाते. मदतनीस म्हणून मिळालेले मिस्टर पॉपी तर मुलांपेक्षा लहान. त्यात एक स्थानिक समीक्षकही आहे, शाळेच्या नाटकाला स्टार देणारा, आणि त्याची दहशत अशी की आपल्याकडच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या परीक्षकानं सुद्धा लाजावं. बरेचसे संवाद आयत्या वेळी सुचलेले, त्यामुळे मुलं मुलांसारखी बोलतात, म्हणजे मध्येच दुसऱ्याच विषयावर.

सिनेमा म्हणून पटकथेला भोकं आहेत, मान्य. पण शेवटचं नाटक होतं जुन्या कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींमध्ये. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत ते जळालं आणि या लोकांनी ते पाडलं नाही की परत बांधलं नाही, भिंती तशाच ठेवून शेजारी नवं उभारलं, ते १९६२ला उघडलं. मी रोज बाजारात जाताना त्या भिंतींवरून जाते. छप्पर नाही, वर नुसतं आभाळ. तिथे डोक्यावर टॉवेल बांधलेली पोरं बेसूर गातायत, एवढंच दाखवलंय, आणि ज्या गावात आपण परके म्हणून आलो त्या गावाची सगळ्यात मोठी जखम यांनी लहान मुलांच्या नाटकाला स्टेज म्हणून दिली, हे माझ्या मनाला फार लागलं.

डोक्यावर टॉवेल म्हणजे मेंढपाळ. इथल्या शाळांत मेंढपाळाला भांडी पुसायचा टॉवेल डोक्याला बांधतात, वर दोरी. चिरंजीव पहिलीत गेल्यावर मेंढपाळ नंबर तीन झाले आणि शाळेतून चिठ्ठी आली, एक टी टॉवेल पाठवा. घरात टी टॉवेल नव्हता, आम्ही भांडी निथळत ठेवतो. पण सासऱ्यांचा एक लाल फेटा बॅगेत होता, लग्नाकार्यात लागेल म्हणून आणलेला. नवरा म्हणाला मेंढपाळ म्हणजे कोण, धनगर. धनगराच्या डोक्याला काय असतं? यूट्यूब बघून पाऊण तास बांधला. नाटकात दोन मेंढपाळ टॉवेलात आणि तिसरे आमचे तुरा काढलेल्या लाल फेट्यात, असे आले की मागच्या रांगेतल्या एका आजोबांना वाटलं येशूला बघायला येणाऱ्या तीन राजांमधला एक लवकर आलाय. टीचरनं त्याला पुढे उभं केलं. त्याला एकच वाक्य होतं आणि तो ते विसरला आणि मग माइकमध्ये मराठीत म्हणाला, आई, मला शू आलीय. हॉलमध्ये कळलं फक्त आम्हा दोघांना. बाकीच्यांना वाटलं काहीतरी धार्मिक असेल, कुणीतरी टाळ्यापण वाजवल्या.

अॅनिमेशनवाल्यांचं राहिलंच. ब्रिस्टलच्या आर्डमनचा आर्थर ख्रिसमस, २०११चा, तो तर मला मारवाडी पेठेतल्या कुठल्याही दुकानाची गोष्ट वाटतो. सांताक्लॉज हा वंशपरंपरागत धंदा. म्हातारे सांता गल्ल्यावरून उठत नाहीत, थोरल्याला सगळं कॉम्प्युटरवर नेऊन कधी एकदा गादीवर बसतोय असं झालंय, त्यांच्याही वर एक आजोबा सांता आहेत जे आमच्या वेळी असं नव्हतं म्हणत कवळी शोधतायत, आणि धाकटा वेंधळा आर्थर पत्रांच्या खात्यात बसवलेला. एका मुलीची सायकल वाटायची राहते आणि त्याचं दुःख घरात फक्त त्यालाच होतं. त्यात ही मंडळी जेवणानंतर बोर्ड गेम खेळायला बसतात आणि गेममध्ये सांता कोण होणार यावरून जुंपते. तो सीन मी पत्त्यांच्या सात-आठमध्ये लहानपणी प्रत्यक्ष बघितलाय.

आणि परदेशातून लंडनला आलेल्या पॅडिंग्टन नावाच्या अस्वलाचा दुसरा सिनेमा, २०१७चा, त्याच्यातलं मी एकच सांगते. गल्लीतल्या एका डॉक्टरांना, हे काम संजीव भास्करनं केलंय, तो अस्वल रोज सकाळी आठवण करतो की किल्ली घेतलीत ना. अस्वल तुरुंगात गेल्यावर डॉक्टर घराबाहेर अडकतात. बाहेरून आलेल्या माणसाची गल्लीत काय जागा असते ती एवढ्यात सांगून मोकळे.

नव्वदीतल्या आपल्या सगळ्यांचा लाडका मिस्टर बीन मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. टर्कीत डोकं अडकतं तो भाग १९९२चा. लहानपणी आम्ही त्याला लोळून हसलो. परवा परत बघितला आणि बघवेना. मैत्रीण जेवायला येते, तिला वाटतं अंगठी मिळणार, आणि डबीत निघतो चित्र टांगायचा हूक. ती उठून जाते. जाऊ शकते. तिथेच तो भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा पडतो, त्यात दार उघडतं. मग खोलीत तो एकटा.

आता २०२४. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, साताऱ्याहून, इंग्लिश शून्य. समोरच्या आजींचा मुलगा त्या वर्षी सासुरवाडीला गेलेला, म्हणून पंचवीसला त्या आमच्याकडे, हातात रेडिओ टाइम्स, गोल करून. दोघी सोफ्यावर शेजारी कागदी मुकुट घालून बसलेल्या, मध्ये चिरंजीव दुभाषी. संध्याकाळी वॉलेस अँड ग्रोमिटचा नवा सिनेमा, त्याला दुभाष्या लागला नाही कारण ग्रोमिट कुत्रा बोलतच नाही, नुसत्या कपाळानं अॅक्टिंग करतो. सासूबाई म्हणाल्या, हा शहाणा आहे, मालक अगदीच तुझ्या नवऱ्यासारखा. मग रात्री गॅव्हिन अँड स्टेसीचा शेवटचा भाग, पाच वर्षं लटकलेलं उत्तर. १ कोटी २३ लाख लोक त्या रात्रीच बसले होते, अधिक सासूबाई. स्मिदी आणि नेसाचं लग्न लागलं तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन अक्षता आणल्या, मोजून दोन चिमट्या, टीव्हीवर टाकल्या. समोरच्या आजींनीपण टाकल्या. गालिच्यातून तांदूळ मी संक्रांतीपर्यंत वेचत होते.

फक्त एक राहिलं. त्या मालिकेत ब्रिन काका आणि त्याचा पुतण्या जेसन पूर्वी कधीतरी मासेमारीला गेलेले असतात आणि तिथे काहीतरी घडलेलं असतं, विषय निघाला की सगळे गप्प. सुरुवातीपासून. शेवटच्या भागातही सांगितलं नाही. नवरा चिडला, म्हणाला हे काय, एवढी वर्षं थांबायचं आणि सांगायचं नाही. समोरच्या आजी मुकुट तसाच डोक्यावर ठेवून रस्ता ओलांडून घरी गेल्या, मी दारातून त्यांचा लाइट लागेपर्यंत बघत राहिले, आणि आत आले तर सासूबाई अंथरूण घालत होत्या.

"काय झालं होतं गं मासे धरायला?"

"आई, ते सांगितलंच नाही त्यांनी."

"बरोबरच आहे. सांगायचं नसतं असलं. तुझ्या चुलत सासऱ्यांचं वाडीला काय झालं, ते आम्ही बोललो का कुणाला चाळीस वर्षांत?"

"काय झालं होतं?"

"लाइट घालव तेवढा."